कानपूरचे भंगार, लोहगावची विमाने

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीच्या मंडळींनी मला सांगितले, "काका, तुम्ही हवाईदलात होता, मुलांना लढाईचे काहीतरी सांगा." आता हवाईदल म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर वैमानिक येतो. मी वैमानिक नव्हतो. मी इंजिन फिटर. पंधरा वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीचशी डकोटाच्या इंजिनाखाली तेलाने माखून काढली. त्यामुळे आकाशात कोणी कोणाला कसे पाडले, ही गोष्ट माझ्याकडे मागू नका. माझ्याकडे गोष्ट आहे ती जमिनीवर मोडून पडलेल्या विमानांची, ती पुन्हा उडवणाऱ्या एका वैमानिकाची, आणि थोडीशी आपल्या सोलापूरचीसुद्धा. सोलापूर त्यात कुठून आले, ते पुढे येईलच.

विमानाचा अपघात म्हटले की तुम्हाला आकाश आठवते. ज्याने हँगरमध्ये काम केले त्याला जमीन आठवते. फिरता पंखा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे माणूस चालत चालत थेट त्यात जातो. उभ्या विमानाचा चाकाचा पाय दुमडतो. पेट्रोलची वाफ साठते आणि एका ठिणगीने सगळे संपते. बॉम्बफेकी विमान असेल तर त्यात भर बॉम्बची. दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण सांगतो. १९४३ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या स्कॅम्प्टन तळावरून लँकॅस्टर विमाने जर्मनीची धरणे फोडायला निघायची होती. पाण्यावर टप्पे घेत जाणारा खास बॉम्ब, वजन चार टनांहून जास्त. तयारी चालू असताना मिक मार्टिन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानाखालून तो बॉम्ब निसटला आणि धप्पकन जमिनीवर पडला. विमानात आणि आसपास जेवढी माणसे होती ती सगळी वाट फुटेल तिकडे पळाली! सुदैवाने बॉम्ब चेतवलेला नव्हता, म्हणून फुटला नाही. तो पुन्हा वर चढवला, आणि १६ मेच्या रात्री मार्टिन त्याच मोहिमेवर गेला. एकोणीस विमाने गेली, आठ परत आली नाहीत, त्रेपन्न माणसे गेली. मार्टिन परत आला. नंतर १९४७ मध्ये त्याने लंडन ते केपटाउन वेगाचा विक्रम केला, चढत चढत एअर मार्शल झाला, 'सर' झाला, १९७४ मध्ये निवृत्त झाला. तो बॉम्ब चेतवलेला असता तर यातले काहीच घडले नसते.

हा झाला न कळत घडलेला अपघात. कानपूरला झाले ते वेगळे. तिथे शाबूत विमाने जमिनीवर उभी होती आणि माणसांनी ती ठरवून, हातांनी मोडली.

त्या विमानाचे नाव लिबरेटर, अमेरिकन 'बी-२४'. मुलांनो, आपल्या ए विंगच्या जिन्यापासून मुख्य गेटपर्यंत मी परवा पावलांनी मोजून आलो, तेवढे अंतर लिबरेटरच्या पंखांना पुरणार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट. चार इंजिने, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीचे. शेपटीला दोन उभे पंखे असल्यासारख्या फळ्या. पोट इतके जमिनीलगत की खाली बॉम्बचे दार उघडायला जागाच नाही. म्हणून दुकानाच्या शटरसारखे सरकणारे दार केले, बाजूंनी वर जाणारे. पुढचे चाक मोकळे फिरायचे. जमिनीवर वळायचे तर डावा-उजवा ब्रेक आणि इंजिनांचा कमीजास्त जोर यांवर वळवायचे. दमवणारे काम. पोटात पेट्रोलच्या वासाची कायमची तक्रार. बाहेरून पाहाल तर देखणे अजिबात नाही, मालवाहू डब्याला पंख लावल्यासारखे. पण लांब पल्ल्याला त्याच्या तोडीचे दुसरे त्या वेळी थोडेच होते. बंगालमधल्या तळांवरून उठून ब्रह्मदेश, सयामपर्यंत जाऊन बॉम्ब टाकून परत यायचे, ते याच विमानाने. अमेरिकेने युद्धात अशी अठरा हजारांवर विमाने बनवली. फोर्ड कंपनीच्या एका कारखान्यात तर शेवटी शेवटी तासाला एक लिबरेटर बाहेर पडत होते. तासाला एक! आपल्याकडे तासाला एक चादर विणणारा माग चांगला म्हणायचे.

आता ही विमाने मोडली का? १९४१ साली अमेरिकेने कायदा केला होता, उधार-उसनवारीचा. दोस्त राष्ट्रांना युद्धसामग्री द्यायची. लढाईत गेली तर गेली. उरली तर परत करायची, नाहीतर विकत घ्यायची, नाहीतर नष्ट करायची. १९४५ मध्ये युद्ध संपले. हिंदुस्थानात इंग्रज हवाईदलाकडे लिबरेटरचा ढीग. परत न्यायला खर्च, विकत घ्यायला इंग्लंडच्या खिशात पैसा नाही. अमेरिकेलाही ती परत नको होती, तिच्या स्वतःच्याच वाळवंटात विमानांच्या रांगा लागल्या होत्या. म्हणजे उरले तिसरे कलम. कानपूरच्या चकेरी विमानतळावर विमाने आणून उभी केली आणि मोडायला घेतली. बुलडोझर अंगावर घातले, पत्रे फाडले, वैमानिकासमोरची घड्याळे-यंत्रे फोडली, इंजिनांत वाळू ओतली.

वाळूचे ऐकून तुम्हाला फारसे काही वाटणार नाही. मला वाटते. पत्रा फाटला तर पॅच लावता येतो. काच फुटली तर काच बदलता येते. पण तेलात वाळू गेली की ती इंजिनाच्या प्रत्येक जागी जाते, जिथे तेल जाते तिथे तिथे. बेअरिंगमध्ये, पिस्टनच्या रिंगांमध्ये, सिलिंडरच्या भिंतीवर. इंजिन एकदा फिरवले तरी आतून ओरखडे. ज्याने हे सुचवले त्याला इंजिन चांगले कळत होते, एवढे नक्की. लिबरेटरचे इंजिन म्हणजे ट्विन वास्प, आणि हेच इंजिन थोड्या फरकाने डकोटाला होते, म्हणजे माझेच. चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन रांगांत गोल मांडलेले, जसे बैलगाडीच्या चाकाचे आरे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एका इंजिनाला अठ्ठावीस, चार इंजिनांना एकशेबारा. नुसते प्लग काढून पुसून बसवायचे म्हटले तरी एका माणसाचा दिवस जातो. असे इंजिन रात्रभर उभे राहिले तरी खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरते, म्हणून सकाळी चालू करण्याआधी पंखा हाताने फिरवून घ्यायचा. नाही फिरवला आणि बटण दाबले तर तेल दबत नाही, दांडाच वाकतो. एका रात्रीत हे होते. कानपूरची इंजिने वाळू खाऊन दोन पावसाळे उघड्यावर उभी होती.

आता सोलापूर.

आपल्याकडे वालचंद कॉलेज आहे, हिराचंद नेमचंद वाचनालय आहे. इथल्या निम्म्या लोकांनी तिथे शिक्षण घेतले किंवा तिथे बसून पेपर वाचले. पण शेठ वालचंद हिराचंद म्हणजे नेमके कोण, हे विचारले तर पोरे गोंधळतात. २३ नोव्हेंबर १८८२ ला याच सोलापुरात जन्मलेला माणूस. घरचा धंदा कापसाचा, सावकारीचा. तो यांना जमला नाही, मानवला नाही म्हणा. लक्ष्मणराव फाटक नावाच्या रेल्वेतल्या माणसाबरोबर भागीदारी करून बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. बार्शीची ती छोटी गाडी आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. तिथून पुढे बोरघाटातले बोगदे, मग सिंदिया कंपनीची जहाजे, विशाखापट्टणमची गोदी, वालचंदनगर, रावळगाव, प्रीमियर मोटार. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवायचा कारखाना चालवत होता. वालचंदांनी विचारले असणार, मग आमच्याकडे का नाही? डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' कंपनी निघाली. म्हैसूर सरकारने जागा दिली, पंचवीस लाख रुपये घातले.

मी वालचंदांना देव करून सांगत नाही. ते व्यापारी होते, युद्ध आले म्हणजे कंत्राटे येणार हे त्यांनी हेरले होते, आणि नफा हा शब्द त्यांना वर्ज्य नव्हता. पण ज्या काळात इंग्रज सरकारला हिंदी माणसाने मोटार बनवलेलीसुद्धा नको होती, त्या काळात त्यांनी विमानाचा कारखाना काढला. जपान दाराशी आल्यावर १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले आणि कारखाना त्यांच्या हातून गेला. १९४३ मध्ये तो अमेरिकन हवाईदलाच्या ताब्यात दिला गेला. आणि इथे नशिबाचा खेळ बघा. अमेरिकनांनी तिथे विमाने बनवली नाहीत, दुरुस्त केली. डकोटा, कॅटालिना आणि लिबरेटर. दोन वर्षे बंगळूरच्या कामगारांनी लिबरेटर उघडली, धुतली, जुळवली. ती माणसे युद्धानंतर तिथेच होती. त्यांच्या हातांना ते विमान माहीत होते.

१९४८ साल उजाडले. काश्मीरमध्ये लढाई चालू. आपल्या हवाईदलाकडे लढाऊ टेम्पेस्ट होती, स्पिटफायर होती, वाहतुकीला डकोटा होती. बॉम्बफेकी विमान म्हणावे असे एकही नाही. डकोटाच्या मागच्या दारातून माणसांनी हाताने बॉम्ब ढकलले, इथपर्यंत वेळ आली होती. पुंछला रात्री डकोटा उतरवणाऱ्या मेहर सिंगांचे नाव तुम्ही ऐकले असेल, महावीरचक्राचे मानकरी. आपले हृषीकेश मुळगावकर, मराठी माणूस, तेही काश्मीरच्या आघाडीवर होते, त्यांनाही महावीरचक्र मिळाले. पुढे ते हवाईदलप्रमुख झाले, १९७६ ते ७८. निवृत्तीनंतर पुण्यात राहिले, २०१५ मध्ये वारले.

आणि त्याच सप्टेंबरात आपल्या दारात काय चालले होते? १३ सप्टेंबर १९४८. हैदराबादच्या कारवाईची मुख्य फौज सोलापुरातून निघाली, जनरल चौधरींच्या हाताखाली, नळदुर्गच्या वाटेने. रझाकारांच्या भीतीने सरहद्दीवरच्या गावांतून लोक सोलापुरात आसऱ्याला आलेले होते, ते तुमच्या आजी-आजोबांनी सांगितले असेल. वरून पुण्याची टेम्पेस्ट विमाने. पाच दिवसांत निजाम शरण आला. लोकांनी ती विमाने पाहिली, पण एकेक इंजिनाची छोटी विमाने होती ती. देश स्वतंत्र होऊन एक वर्ष झालेले, दोन बाजूंना लढाई, आणि मोठे विमान नवे विकत घ्यायचे तर पैसा कुठे आहे? आणि देणार कोण?

तेव्हा कोणाला तरी कानपूर आठवले. नेमके कोणाला, याबद्दल हवाईदलातली माणसे एक सांगायची, बंगळूरची एक. त्या वादात मी पडत नाही.

बंगळूरहून हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसे कानपूरला गेली. पद्धत आपल्या भंगार बाजारातलीच होती, पण हिशोबाने केलेली. विमानांचा मुख्य कणा, पंखाचा कणा शाबूत आहे की नाही हे आधी बघायचे. कणा गेला असेल तर ते विमान सुट्ट्या भागांसाठी. याचे चाक, त्याचे शेपूट, तिसऱ्याचे इंजिन. ठरवून मोडणाऱ्याचा एक दोष असतो. तो कंटाळतो. पन्नास विमाने मोडायची म्हटली की शेवटी शेवटी प्रत्येकात वेगळीच जागा फुटते. एकाची यंत्रे फुटलेली असतात पण पंख ठीक, दुसऱ्याचा पंख फाटलेला पण यंत्रे ठीक. इंग्रजांनी प्रत्येक विमानाची तीच एक जागा तोडली असती, समजा पंखाचा मधला सांधा, तर जगातला कोणताही फिटर काही करू शकला नसता. हे माझे मत आहे, पण पंधरा वर्षे पाने फिरवलेल्या माणसाचे आहे.

कानपूरला सगळे करायचे नव्हते. तिथे फक्त एवढेच करायचे की विमान एकदा उडून बंगळूरला पोचेल. पूर्ण ओव्हरहॉल बंगळूरला. आणि इथे आपला वैमानिक येतो. जमशेद कैकोबाद मुन्शी. कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक.

आता तुम्ही जरा विचार करा. हवाईदलात विमान उडण्याआधी एक कागद असतो, आम्ही त्याला फॉर्म ७०० म्हणायचो. इंजिनवाला सही करतो, विद्युतवाला सही करतो, यंत्रवाला सही करतो, सगळ्यात शेवटी वैमानिक सही करतो की मी हे विमान ताब्यात घेतले. डकोटा रोज उडत होती, तिच्या मागे वर्षानुवर्षांची वही होती, तरी माझी सही करून विमान धावपट्टीकडे निघाले की ते परत येऊन इंजिन बंद होईपर्यंत माझ्या पोटात गोळा असायचा. लग्न झाल्यावर जास्त. कानपूरच्या विमानाची वही काय असेल? दोन वर्षांपूर्वी बुलडोझरने धडकलेले, वाळू काढलेले, तीन विमानांचे भाग एकत्र केलेले. असे विमान सोळा-सतरा टनांचे, चार इंजिनांचे, घेऊन जायचे कानपूरहून बंगळूरला. नकाशावर सरळ रेघ ओढली तर सुमारे १५०० किलोमीटर, नागपूरजवळून जाते. आणि हे एकदा नाही. एक पोचवायचे, परत जायचे, दुसरे आणायचे. चाळीसच्या आसपास विमाने अशी उभी राहिली.

प्रत्येक विमान वेगळे होते हे लक्षात घ्या. कारखान्यातून आलेली दहा विमाने दहा जुळ्या भावांसारखी असतात. ही तशी नव्हती. कालच्या विमानात जे शिकलात ते उद्याच्या विमानात लागू पडेलच असे नाही. लढाईतला वैमानिक शत्रूच्या बाबतीत सावध असतो, पण बुडाखालच्या यंत्रावर त्याचा विश्वास असतो. मुन्शींचे उलटे होते. आकाशात शत्रू कोणी नाही, आणि संशय सगळा बुडाखाली. दोन्हींत अवघड काय, ते वैमानिकांनी सांगावे. मला विचाराल तर मी दुसरे सांगेन.

२ नोव्हेंबर १९४८ ला कानपूरलाच भारतीय हवाईदलाचे ५ नंबरचे स्क्वाड्रन उभे राहिले, लिबरेटरवर. स्वतंत्र भारताचे पहिले जड बॉम्बफेकी स्क्वाड्रन. काही काळाने ते पुण्याला लोहगावला आले. पुढे १९५१ मध्ये ६ नंबरचे स्क्वाड्रनही लोहगावला लिबरेटरवर आले, त्यांचे काम समुद्रावर नजर ठेवण्याचे. म्हणजे वाळू खाल्लेली ही विमाने पुण्यातून उठायची आणि अरबी समुद्रावर तासन् तास फिरून परत यायची. १९५७ पासून जेट कॅनबेरा आली आणि बॉम्बफेकीचे काम त्यांच्याकडे गेले. १८ डिसेंबर १९६१ ला गोव्याच्या दाबोळी विमानतळावर बारा कॅनबेरांनी बॉम्ब टाकले, ते गोवा मुक्तीच्या आदल्या दिवशी. पण समुद्रावर लिबरेटर चालूच होती. १९६८ च्या अखेरीस ती सेवेतून निघाली. मोडून टाकलेल्या विमानांनी वीस वर्षे नोकरी केली. मी केली पंधरा.

मुन्शींचे पुढे काय झाले, ते सांगायलाच हवे. लिबरेटरचे काम करता करता बंगळूरच्या लोकांनी स्वतःचे विमान आखले. आखणारे डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरजवळच्या हसूरचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांड्टल यांच्याकडे शिकून आलेले. प्रांड्टल म्हणजे हवेच्या शास्त्रातले विद्यापीठच. घाटगे सुरुवातीपासून हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये होते. त्यांनी बनवलेले दोन माणसांचे शिकाऊ विमान, नाव एचटी-२, ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडाले. भारतात आखलेले आणि भारतात बनवलेले पहिले विमान. ते पहिल्यांदा उडवले कोणी? जमशेद मुन्शींनी. तेव्हा ज्या माणसाने दुसऱ्यांनी मोडलेली विमाने उडवली, त्यानेच आपण बनवलेले पहिले विमान उडवले. आपल्या हवाईदलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या पुढे त्या एचटी-२ वर उडायला शिकल्या.

वालचंद १९५३ मध्ये गेले. कारखाना त्यांच्या हातातून गेल्याला तोवर अकरा वर्षे झाली होती.

आता एक गमतीची गोष्ट. १९६८ नंतर जगाला कळले की उडणारी लिबरेटर भारताकडे उरली आहेत, आणि दुसऱ्या कोणाकडे फारशी नाहीत. ज्या अमेरिकेने अठरा हजार बनवली, तिने वितळवून भांडी केली होती. मग मागण्या आल्या. एक कॅनडाला गेले. १९६९ मध्ये एक अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयाला उडत गेले. १९७४ मध्ये एक इंग्लंडला. त्या इंग्लंडच्या विमानाची मला विशेष मजा वाटते. त्याचा युद्धातला नंबर केएन ७५१, इंग्रजांच्या ९९ नंबरच्या स्क्वाड्रनमधले, १९४५ मध्ये हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर होते. मग भारतात आले, आपल्या ६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये लोहगावला नोकरी केली, आणि शेवटी आपल्या सरकारने ते इंग्रज हवाईदलाच्या संग्रहालयाला भेट दिले. आता ते लंडनला आहे. आपल्या सोसायटीतली चार-पाच मुले-मुली लंडनला आहेत. आई-बाबा भेटायला गेलात तर हेंडनच्या संग्रहालयात जाऊन या. तिथे लोक आजोबांच्या आठवणी काढत त्या विमानाला हात लावतात. अमेरिकेत आणखी एक आपले विमान १९८९ मध्ये नव्याने उडाले आणि पुढे तीस वर्षे गावोगावच्या विमान-जत्रांत फिरले. आपल्याकडे एक दिल्लीला पालमच्या हवाईदल संग्रहालयात आहे, नंबर एचई ९२४.

आपल्या शहरात जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. यंत्रे किलोच्या भावाने गेली, आणि ती विकत घेऊन संग्रहालयात ठेवा अशी मागणी कोणी केली नाही. मी त्यावर फार बोलत नाही. बोअरच्या मोटारीचे रिवाइंडिंग करावे की नवी घ्यावी, हा विषयसुद्धा मी मुद्दाम टाळतो आहे, तो सर्वसाधारण सभेचा आहे आणि समोर खजिनदारसाहेब बसलेत. (हशा)

(भाषणानंतर श्रोत्यांनी काही प्रश्न विचारले. त्यांतले दोन येथे दिले आहेत. — संपादक)

प्रश्न : काका, इंजिनातली वाळू काढतात कशी?

उत्तर : चांगला प्रश्न. धुऊन जात नाही, हे आधी लक्षात घे. इंजिन पूर्ण उघडायचे, एक-एक बोल्ट. चौदा सिलिंडर वेगळे, पिस्टन वेगळे, मधला दांडा वेगळा. प्रत्येक भाग रॉकेल किंवा पेट्रोलच्या टबात, ब्रशने. तेल जाणाऱ्या बारीक नळ्या असतात, सुईएवढ्या. त्यांतून दाबाने हवा सोडायची. मग भिंगाने बघायचे. ओरखडा मापापेक्षा खोल असेल तर तो भाग बाद, दुसऱ्या इंजिनातला घ्यायचा. चार इंजिनांतून दोन चांगली निघाली तरी नशीब. आणि तेलाची टाकी विसरायची नाही. सगळे इंजिन स्वच्छ केले आणि टाकीच्या तळाशी मूठभर वाळू राहिली, तर पहिल्याच तासात सगळे पहिल्यासारखे.

प्रश्न : मुन्शींच्या बरोबर विमानात फिटर असायचे का?

उत्तर : मी असतो तर मला बसवलेच असते. आमच्याकडे रिवाज होता. ओव्हरहॉल झालेले विमान चाचणीला निघाले की वैमानिक विचारायचा, इंजिनावर सही कोणाची? ज्याची सही, तो मागे बसायचा. मी चार वेळा बसलो आहे. एकदा डाव्या इंजिनाचा तेलदाब खाली यायला लागला, तर वैमानिकाने मागे वळून माझ्याकडे बघितले. बोलला काही नाही. मी उठून घड्याळाजवळ जाऊन उभा राहिलो, आणि उतरेपर्यंत तिथेच उभा होतो. घड्याळ खराब होते, इंजिन नाही. पण ते उतरल्यावर कळले.